निर्बंध उठले म्हणजे करोना संपला?

नागपुरात सीताबर्डीवर तर्रीपोहे खाताना परवा पुन्हा तेच ऐकलं: "सरकारनंच करोना संपला म्हणून जाहीर केलं होतं ना, मग मास्क कशाला?" चार वर्षं हा समज फिरतोय आणि त्यापायी घरातली म्हातारी माणसं आजारी पडतात, म्हणून लिहितोय.

महाराष्ट्रानं २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, निर्बंध उठवले. मागे घेतले गेले ते आपत्ती व्यवस्थापन आणि साथरोग कायद्यांखालचे आदेश. मास्कची सक्ती गेली, दंड गेला. मास्क ऐच्छिक झाला. रोग संपल्याचं कोणी म्हटलं नव्हतं. रुग्ण घटले होते, बहुतेकांचं लसीकरण झालं होतं. सक्तीनं होणारा फायदा आता नुकसानीपेक्षा मोठा उरला नाही, एवढाच तो हिशेब.

आणि नुकसान खरंच होतं. नागपुरात १५ ते २१ मार्च २०२१ टाळेबंदी होती, तेव्हा आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला थंड कोळशाजवळ नुसता बसून असायचा. निर्बंध उठवा म्हणणारे बेजबाबदार नव्हते. थोडं थांबा म्हणणारेही भित्रे नव्हते. त्यानंतरच्या एप्रिलात खाटेसाठी दवाखाने पालथे घातलेल्यांना ते विचारा.

जागतिक आरोग्य संघटनेनं तर करोनाची जागतिक आरोग्य आणीबाणी थेट ५ मे २०२३ ला मागे घेतली, आणि तेव्हाही बजावलं की धोका संपलेला नाही. म्हणून खोकला असेल, घरी आजी असेल, तर मास्क लावा. त्यासाठी सरकारी आदेश लागत नाही.