टकटक काढायची असेल तर एमपीथ्री नको, रेकॉर्डच आणा

आजोबांच्या रेकॉर्डचं गाणं व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, सोबत निरोप: "एवढी टकटक काढून द्या." आम्ही मूळ रेकॉर्ड मागतो आणि माणसं थोडी नाराज होतात. पैसे वाढवायला मागत नाही. कारण सांगतो.

ओरखड्यावरून सुई गेली की होणारी टक कानाला मोठी लागते, पण असते क्षणाहून कमी. आम्ही रेकॉर्ड सेकंदाला ९६,००० सॅम्पल (आवाजाच्या उंचीची एकेक नोंद) या वेगाने संगणकावर उतरवतो. त्यात बारीक टक १०-१५ सॅम्पलची, मोठ्या ओरखड्याची शंभर-दोनशेची. खराब सॅम्पल काढून तो खड्डा दोन्ही काठांच्या चांगल्या सॅम्पलवरून भरायचा. सरळ रेघेने जोडलं तर सांध्याला कोपरा राहतो, आणि कोपरा पुन्हा टोचतो. म्हणून स्प्लाइन, म्हणजे बिंदूंमधून जाणारा गुळगुळीत वक्र. जहाजांचे आराखडे काढणारे लवचिक पट्टी वजनांनी दाबून बाक काढत, त्या पट्टीचंच हे नाव. क्युबिक (तिसऱ्या घाताची) स्प्लाइन सांध्यावर उंची, चढ आणि बाक तिन्ही जुळवते.

पण ती काठावर डोळे मिटून विश्वास ठेवते. काठाचं एखादं सॅम्पल टकेतलं राहून गेलं, तर वक्र तोच चढ धरून उसळतो आणि टक गेली तिथे 'धप्' येतो. आमचा अर्धा वेळ हे काठ नजरेने तपासण्यात जातो. एमपीथ्री करताना आवाज मोठ्या तुकड्यांत मोडला जातो आणि बारीक तपशील गाळला जातो. त्यात टकेची घाण मागेपुढे शेकडो सॅम्पलवर पसरते. मग धरायला काठच उरत नाही. काहीजण त्या एमपीथ्रीची वेव्ह (WAV) फाइल करून पाठवतात. डबा बदलतो, आतलं तेच. मोबाइलच्या अ‍ॅपमधून 'साफ' करून आणलेल्या फायलीचंही असंच. तिथे तर दुसऱ्याची घाईही निस्तरावी लागते.

"म्हणजे तुम्ही मनचं घालता?" हो, तेवढ्या खड्ड्यापुरता अंदाजच असतो. म्हणून सगळीकडे स्प्लाइन वापरत नाही. ४ किलोहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ४,००० वेळा होणारी लाट आमच्याकडे २४ सॅम्पलमध्ये पुरी होते. खड्डा १०० सॅम्पलचा असेल तर चार लाटा गडप होतात आणि स्प्लाइन वरून गुळगुळीत निघून जाते. झांजेचा आवाज तिथे मेल्यासारखा वाटतो. अशा जागी आधीच्या-नंतरच्या आवाजाचा ढंग पाहून खड्डा भरणारी वेगळी पद्धत लावतो. वेळ जास्त लागतो, दर तोच. न सुधारलेली मूळ फाइलही सोबत देतो, दोन्ही ऐकून ताडून पाहा.

रेकॉर्ड हरवलीच असेल तर एमपीथ्रीही घेतो. आधी एका मिनिटाचा नमुना करून देतो, फरक पटला तरच पुढे. आणि ७८ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी) लाखेची तबकडी स्पिरिटने पुसून आणू नका, लाख विरघळते. धूळ आम्ही काढतो, त्याचे पैसे नाहीत.