रॅली व्हील (शेव्हरोले)
जनरल मोटर्सच्या शेव्हरोले विभागाने १९६७ च्या मॉडेल-वर्षात आणलेले, मधल्या तबकडीत पाच लांबट खाचा असलेले दाबीव पोलादी चाक. रुपेरी-करडा ‘आर्जेंट’ रंग दिलेले चाक, त्याच्या कडेवर बसणारी चकचकीत ट्रिम रिंग आणि मधली टोपी हे तीन सुटे भाग मिळून ते पुरे होते. महाराष्ट्रातील गॅरेजांत टोपीला ‘व्हील कप’ व चाकाला ‘डिस्क’ म्हणतात. त्यामुळे ‘डिस्क ब्रेक्स’ अशी अक्षरे असलेली टोपी चाकाचीच जाहिरात करते, असा समज होऊ शकतो. ती अक्षरे ब्रेकची आहेत.

उगम : १९६७ च्या कॅमारो या शेव्हरोले गाडीवर हे चाक पुढच्या डिस्क ब्रेकच्या जोडीने मिळे. कॅलिपरला (डिस्क ब्रेकची तबकडी पकडणाऱ्या भागाला) मोकळी जागा हवी म्हणून त्याचे माप १४ × ६ इंच ठेवलेले होते. कॉर्व्हेट या शेव्हरोलेच्या स्पोर्ट्स कारला चारही चाकांवर डिस्क ब्रेक १९६५ पासूनच होते. तिच्यावर हे चाक १९६७ मध्ये १५ × ६ इंच मापात आले. खाचा ब्रेक थंड ठेवण्यासाठी की केवळ शोभेसाठी, याबद्दल मतभेद आहेत. चाकाचा जन्म डिस्क ब्रेकसोबत झाला, हा पहिल्या पक्षाचा आधार. मात्र पुढे ड्रम ब्रेकच्या गाड्यांवरही तेच चाक बसवले गेले. त्यामुळे हवा खेळती राहणे हा आनुषंगिक लाभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ‘रॅली’ हे नावही एकट्या शेव्हरोलेचे नाही. जनरल मोटर्सच्याच दुसऱ्या विभागाचे, पाँटिअ‍ॅकचे ‘रॅली-२’ हे वेगळ्या घडणीचे चाक आहे. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून लागू झालेल्या सुरक्षा मानक २११ ने बाहेर आलेले कान असलेले नट व टोप्या वर्ज्य केल्या. म्हणून त्या काळातील टोप्यांना असे कान नसतात.

सांकेतिक अक्षरे व कालनिश्चिती : व्हॉल्व्हच्या छिद्राजवळ ठोकलेली अक्षरे हा निवडीतील मुख्य पुरावा. कॉर्व्हेटच्या चाकांवर ‘डीसी’ म्हणजे १५ × ६ (१९६७), ‘एजी’ म्हणजे १५ × ७ (१९६८) आणि ‘एझेड’ म्हणजे १५ × ८ (१९६९ ते १९८२). दुसऱ्या ओळीतील ‘के’ हे केल्सी-हेज या उत्पादकाचे चिन्ह व त्यापुढील १ हा शेव्हरोलेचा अंक मानतात. नंतर वर्षाचा एकच अंक, महिना व दिवस येतो. अडचण या एका अंकाची आहे. ‘एझेड’ चाकावरील ९ हा १९६९ चाही असेल, १९७९ चाही. चाकाची तारीख गाडीच्या जुळणीच्या आधीची हवी, एवढे निर्विवाद. अंतर किती असावे यावर संग्राहकांचे एकमत नाही. काही आठवड्यांचे अंतर स्वाभाविक धरणे सुरक्षित.

मापे : शेव्हरोलेच्या मध्यम व लहान गाड्यांत पाच स्टड (चाक ज्यावर बसते त्या हबमधले आटेदार दांडे) ४¾ इंच (१२०.६५ मिमी.) व्यासाच्या वर्तुळावर असतात. शेजारच्या दोन स्टडच्या केंद्रांतील अंतराला १.७०१ ने गुणले की हा व्यास मिळतो. म्हणजे शेजारअंतर सुमारे ७०.९ मिमी. भरावे. १९७१ पासूनच्या मोठ्या गाड्यांचे व दोनच चाकांना ड्राइव्ह असलेल्या अर्ध्या टनी ट्रकचे रॅली चाक दिसायला तसेच, पण ५ इंची (१२७ मिमी.) वर्तुळाचे असते. भंगारातून चाके आणताना सर्वाधिक फसगत इथे होते. १२० मिमी. वर्तुळाचे परके चाक स्टडवर चढते, पण नटांची शंकूसारखी निमुळती टोके छिद्रांत नीट बसत नाहीत व स्टडवर आडवा ताण येतो.

रुंदी टायरची कड जिथे बसते त्या दोन जागांमध्ये मोजतात. बाहेरून ओठ ते ओठ (रिमच्या बाहेरच्या कडांपर्यंत) मोजल्यास सुमारे १ इंच जास्त भरते आणि ७ इंची चाक ८ इंची म्हणून घेतले जाते. मागील खोली मोजण्यासाठी चाक पालथे ठेवून मागच्या कडेवर सरळ पट्टी आडवी टाकावी व तेथून हबवर टेकणाऱ्या पृष्ठापर्यंतचे अंतर घ्यावे.

ट्रिम रिंग : रिंग चाकाच्या व्यासाइतकीच खोलीलाही जुळावी लागते. रुंद चाकाची खोल रिंग अरुंद चाकावर पूर्ण आत जात नाही, ओठापासून उभी राहते. धातू लोहचुंबकाने पारखणे भरवशाचे नाही, कारण स्टेनलेसच्या काही जातींना चुंबक चिकटतो. पोचा आलेली स्टेनलेस रिंग ठोकून व बफ करून सुधारते; क्रोम चढवलेल्या साध्या पोलादाची पुन्हा प्लेटिंगच करावी लागते.

रिंगेला खाच असल्यास ती आधी व्हॉल्व्हशी जुळवावी, मग तळहाताने दाबत रबरी हातोडीने थोडे थोडे सगळीकडून बसवावे. बाहेरच्या ओठावर चिमटीने बसणारी समतोल-वजने असतील तर रिंग बसत नाही; समतोलासाठी आतल्या बाजूची किंवा चिकटवजने वापरतात. वळणात रिम किंचित वाकतो, रिंगेचे रिमला पकडणारे दात ढिले वा रंग गुळगुळीत असल्यास रिंग हळूहळू फिरते आणि तिची कड रबरी व्हॉल्व्ह कापते. त्यामुळे नवी रिंग बसवल्यावर रिंग व टायरवर खडूची रेघ मारून काही किलोमीटर गाडी चालवतात. रेघ सरकली तर दात बाहेर वाकवून ताण वाढवावा. काढताना मात्र पाना एकाच जागी घालून उचकटू नये, रिंगेला कायमची घडी पडते.

रंग : पावडर कोटिंग टिकाऊ असले तरी नटांचे शंकू टेकतात त्या जागांवर व हबवर टेकणाऱ्या पृष्ठावर त्याचा थर नको. थर दबून निघतो, आवळण सैल होते. ७/१६ इंची स्टडवर सुमारे ७० फूट-पौंड (९५ न्यूटन-मीटर) पीळ (टॉर्क) ताऱ्याच्या क्रमाने, म्हणजे एकाआड एक नट घेत, द्यावा आणि ८० किमी. धावल्यावर नट पुन्हा तपासावेत. मधली टोपी त्यानंतरच दाबावी.