बॉक्स स्कोअरचा ताळा

८ ऑक्टोबर १९५६. न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, पाचवा सामना. यँकीजचा पिचर (बॉल टाकणारा) डॉन लार्सन याने ब्रुकलिन डॉजर्सचे २७ बॅटर ओळीने आऊट केले, एकालाही पहिल्या बेसवर पोचू दिलं नाही. या सामन्याचा बॉक्स स्कोअर, म्हणजे आकड्यांचा तक्ता, हाती आला की सगळे लार्सनची ओळ शोधतात. हिशेब शिकायचा तर यँकीजच्या बॅटिंगची बेरीज पाहावी.

ॲट बॅट (सरासरीत धरल्या जाणाऱ्या बॅटिंगच्या पाळ्या) २६, वॉक (चार वाईट बॉलमुळे फुकट मिळालेला पहिला बेस) २, सॅक्रिफाइस बंट (स्वतः आऊट होऊन धावपटूला पुढे नेणारा हलका फटका) १: एकूण २९. आता दुसरी बाजू. रन २, बेसवर अडकून राहिलेले ३, डॉजर्सनी केलेले आऊट २४: एकूण २९. हा ताळा जमलाच पाहिजे असं नियमपुस्तकच सांगतं. बॅटिंग पुरी केलेल्या प्रत्येकाचं अखेर तिनांपैकी एकच काहीतरी होतं: तो रन काढतो, आऊट होतो, नाहीतर इनिंग संपताना बेसवर राहतो. आऊट २७ (नऊ इनिंग, प्रत्येकी तीन) ऐवजी २४, कारण यजमान संघ नंतर बॅटिंग करतो आणि आघाडीवर असेल तर नववी इनिंग त्याला खेळावीच लागत नाही. बॉल अंगाला लागून मिळालेला बेस, सॅक्रिफाइस फ्लाय (झेल जाऊनही धावपटूला रन मिळवून देणारा उंच फटका), अडथळ्यामुळे मिळालेला बेस हेही पहिल्या बाजूला धरायचे. ते ॲट बॅटमध्ये येत नाहीत.

ताळा चुकतो तो बहुधा इनिंगच्या शेवटी. बॅटर उभा असतानाच बेस चोरणारा धावपटू तिसरा आऊट झाला, तर त्या बॅटरची पाळी अपुरी राहते. पुढच्या इनिंगला तोच पहिला येतो. त्याला दोनदा मोजलं की पहिली बाजू एकाने फुगते. उलट, बॅटरने मारलेल्या बॉलवर दुसराच धावपटू दुसऱ्या बेसवर तिसरा आऊट झाला, तर तो बॅटर ‘अडकून राहिलेला’ धरायचा. नवशिके हटकून इथेच फसतात.

स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइक, म्हणजे हुकवलेले किंवा सोडलेले चांगले बॉल, झाल्यावरचा आऊट) मोजून आऊट काढायला जाऊ नये. तिसरा स्ट्राइक कॅचरच्या (बॅटरमागे बॉल पकडणाऱ्याच्या) हातून निसटला आणि बॅटर पहिल्या बेसवर पोचला, तर पिचरच्या नावावर स्ट्राइकआऊट लागतो, पण आऊट कुणीच नाही. म्हणून एका इनिंगमध्ये चार स्ट्राइकआऊटही होऊ शकतात.

पिचरच्या ओळीतलं ६.२ म्हणजे सहा इनिंग आणि दोन आऊट. क्रिकेटच्या षटकांसारखंच, फक्त इथे तिसऱ्या आऊटला आकडा पुढे सरकतो. संगणकाच्या तक्त्यात हे जसंच्या तसं भरलं की घोळ झालाच. तीन अर्न्ड रन (क्षेत्ररक्षकांच्या चुकीशिवाय झालेले) दिले असतील तर ई.आर.ए., म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरने दिलेले अर्न्ड रन, होतो ३ गुणिले ९ भागिले ६.६७, साधारण ४.०५. सरळ ६.२ ने भागलं तर ४.३५ येतं.

अर्न्ड रन ठरवताना स्कोअररला चुका वगळून इनिंग मनातल्या मनात पुन्हा खेळावी लागते. दोन आऊटनंतर शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाने) सोपा बॉल सोडला, मग होम रन पडला: ते दोन्ही रन पिचरच्या माथी लागत नाहीत, कारण इनिंग आधीच संपायला हवी होती. बॉल सोपा होता की नाही हे मात्र स्कोअररच ठरवतो. त्याने ‘एरर’ (क्षेत्ररक्षकाची चूक) ऐवजी ‘हिट’ (बॅटरने फटक्यावर कमावलेला बेस) लिहिलं, तर पिचरचा ई.आर.ए. बदलतो, बॅटरची सरासरी बदलते, आणि वरचा ताळा तरीही बिनचूक जमतो.