विकायचं वय वेगळं, विचारायचं वय वेगळं

‘अमेरिकेत आता तिशीच्या आतल्यांना सिगारेट मिळत नाही’ असं कुणी ठामपणे सांगितलं, की समजायचं, दोन आकड्यांची गल्लत झाली. तिथे तंबाखू विकायचं किमान वय २१ आहे. ३० हा आकडा ओळखपत्र तपासण्याचा आहे. ब्रिटनबद्दलही हाच घोळ कानावर येतो. तिथे विक्री १८ पासून, आणि २५ च्या आतला दिसला तर ओळखपत्र. ग्राहकाचा असा गैरसमज झाला तर बिघडत काही नाही. काउंटरमागच्या माणसाची गल्लत मात्र उलट्या बाजूने होते. तो दोन्ही आकडे एकच धरतो आणि ‘एकवीसच्या आतला वाटला तरच विचारू’ असं मनाशी ठरवून टाकतो.

विकायचं वय सगळ्यांना पाठ असतं, दुकानात पाटीही असते. भारतात २००३ च्या कायद्याने ते १८ आहे, इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २००७ मध्ये १६ वरून १८ झालं, अमेरिकेत डिसेंबर २०१९ मध्ये १८ वरून २१. ही रेषा खऱ्या वयाची. एक दिवस कमी भरला तरी विक्री बेकायदा, मग समोरचा कितीही थोराड असो, दाढीमिशा असोत, नाहीतर ‘घरच्यांनी आणायला पाठवलंय’ म्हणो.

विचारायचं वय, म्हणजे ज्याच्या आत ओळखपत्र मागायचं तो आकडा, मात्र ग्राहकासाठी नाहीच. ते विक्रेत्याच्या डोळ्यांसाठी आहे, कारण डोळे चुकतात. सतरा वर्षांचा मुलगा बावीसचा वाटू शकतो, सव्वीसची बाई एकोणिसाची. दोन्ही वयं एकच ठेवली, तर थोराड दिसणारा प्रत्येक अल्पवयीन बिनचौकशी सुटतो आणि चौकशी होते ती फक्त वयाइतक्याच दिसणाऱ्या मुलांची. म्हणजे ज्यांना नुसत्या नजरेनेही ओळखता आलं असतं, त्यांचीच. रेल्वेचं फाटक गाडी अगदी तोंडाशी आल्यावर पाडत नाहीत, आधीच पाडतात. मधला वेळ चुकीला पोटात घेण्यासाठी असतो. १८ आणि २५ मधली सात वर्षं किंवा २१ आणि ३० मधली नऊ वर्षं त्याचसाठी. पाच-सहा वर्षांनी अंदाज चुकला तरी ओळखपत्र मागितलं जातंच, आणि पुढचा निर्णय कार्डावरची तारीख घेते.

इथे एक बारीक फरक आहे, आणि तो प्रशिक्षणाच्या कागदांतही सर्रास गाळलेला दिसतो. ब्रिटनमधल्या ‘चॅलेंज २५’मध्ये ‘२५ च्या आतला दिसला तर’ असं आहे. इंग्लंडमध्ये हे दुकानांनी स्वतःहून पाळायचं धोरण. स्कॉटलंडमध्ये वय तपासण्याचं धोरण ठेवणं २०१७ पासून कायद्यानेच बंधनकारक आहे. अमेरिकेचा संघीय नियम दिसण्याबद्दल बोलतच नाही. आधी २७ च्या आतल्या आणि सप्टेंबर २०२४ च्या अखेरीपासून ३० च्या आतल्या प्रत्येक ग्राहकाचं फोटो असलेलं ओळखपत्र तपासायचं, असा तो आहे. एकोणतिशीतला माणूस चाळिशीचा दिसला म्हणून सोडला, तर विक्री वैध, पण तपासणी चुकली. म्हणून चाळिशीच्या आसपासचे वाटणारेही तपासावेत. मला विचाराल तर केस पिकलेले सोडून सगळ्यांना विचारावं. सगळ्यांना विचारलं की कुणा एकाला राग यायचं कारण उरत नाही, आणि ‘याला विचारू की नको’ हा डोक्याचा तापही जातो.

जिथे कायदा विचारायचं वय सांगतच नाही, तिथे गल्लत सर्वांत खोल. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारातलं १६ वं कलम एवढंच म्हणतं, की शंका असेल तर वयाचा पुरावा मागावा. भारतातले नियमही शंकेवरच थांबतात, आणि ग्राहक अल्पवयीन नव्हता हे सिद्ध करायची जबाबदारी मात्र विक्रेत्यावर टाकतात. शंका कधी घ्यायची, याला आकडा नाही. मग रांग वाढली की शंका येईनाशी होते. अशा ठिकाणी मालकाने स्वतः आकडा ठरवून तो कामगाराला स्पष्ट सांगायला हवा. ‘जरा बघून दे’ ही सूचना नव्हे, ती जबाबदारी ढकलणं आहे.

ओळखपत्र हातात घेणं आणि ते वाचणं, या आणखी दोन गोष्टी एक समजल्या जातात. फोटो जुळला की कार्ड परत करणारे मला भारी खटकतात. फोटो माणूस तोच आहे हे सांगतो, वय सांगत नाही. तारीख वाचताना नुसती सालं वजा करू नका. अमेरिकेत १० मार्च २०२६ ला समोर ११ मार्च २००५ ची जन्मतारीख आली, तर वजाबाकी २१ येईल, पण तो अजून वीसचाच आहे. सोपी रीत उलटी: आजच्या तारखेतून २१ वर्षं मागे जा आणि ती तारीख काउंटरच्या आतल्या बाजूला रोज सकाळी लिहा. जन्म त्या दिवशी किंवा आधीचा असेल तरच विक्री. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत एकवीसच्या आतल्यांचा वाहन परवाना उभा छापतात आणि परवानाधारक कधीपर्यंत एकवीसच्या आत आहे, ती तारीखही त्यावर असते. आकार बघून निकाल देऊ नका. नूतनीकरण होईपर्यंत सज्ञान माणसाकडेही उभंच कार्ड असू शकतं.

‘वय काय तुमचं?’ हा प्रश्न तर बंदच करा. ज्याला खोटं बोलायचंय तो बोलणारच, आणि उत्तर मिळाल्यावर पुन्हा कार्ड मागणं म्हणजे उगाच तोंडावर खोटं ठरवणं. ‘ओळखपत्र दाखवा’ एवढंच म्हणा, आणि तेही सिगारेटचं पाकीट फडताळातून काढण्याआधी. एकदा ते काउंटरवर आलं की नकार द्यायला जड जातं. कार्ड नसेल तर ‘त्याशिवाय मला देता येत नाही’ म्हणून पुढच्या ग्राहकाकडे वळा. मुदत संपलेलं कार्ड, मोबाइलमधला कार्डाचा फोटो: दोन्हींना नकार, चर्चा नको.

मालदीवने तर १ नोव्हेंबर २०२५ पासून, १ जानेवारी २००७ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना तंबाखू विकणंच बंद केलं. विक्रेत्याची वजाबाकी सुटली, कारण तारीख कायमची एकच. पण विचारायचं वय तिथे दरवर्षी पुढे सरकत राहणार. २०३५ मध्ये सत्तावीसचा माणूस आणि एकोणतिसाचा माणूस यांतला फरक ओळखायची वेळ येईल, आणि तो कुणाच्याही नजरेला दिसणार नाही.