ट्यूनरचं आउट आणि डीआयचं आउट

साउंड चेक चालू असतो. मिक्सरवरून प्रश्न येतो, "दादा, डीआय आहे का तुमच्याकडे?" गिटारवाला पायाजवळची डबी दाखवून म्हणतो, "हो, ट्यूनर आहे ना!" हा संवाद मी इतक्यांदा ऐकलाय की आता थांबून समजावून सांगतो. कारण चूक स्वाभाविक आहे. डीआय म्हणजे वाद्याचा सिग्नल थेट मिक्सरकडे पोचवणारी डबी, ट्यूनर म्हणजे सूर जुळला का ते दाखवणारी. दोन्ही धातूच्या डब्या, दोन्ही जमिनीवर, दोन्हींत गिटारची केबल एका बाजूनं आत जाते आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर येते. त्यात हल्ली दोन्ही कामं एकत्र करणाऱ्या डब्याही मिळतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढलाय.

ट्यूनर पेडलचं काम सूर दाखवणं आणि वाद्य लावताना आवाज बंद ठेवणं. बऱ्याच ट्यूनरमध्ये बफर असतो, म्हणजे गिटारचा नाजूक सिग्नल थोडा दमदार होऊन पुढे जातो. पण बाहेर येतो तो साध्या पी-३८ जॅकवरूनच (गिटारचा नेहमीचा जाड जॅक): एक तार सिग्नलची, दुसरी अर्थिंगची. अशी केबल पाच-सहा मीटरपर्यंत ठीक चालते. मिक्सर सभागृहाच्या मागच्या टोकाला असेल आणि मधे तीस मीटरचा मल्टीकोर (अनेक चॅनलच्या तारा एकत्र असलेली जाड केबल) असेल, तर वाटेत दिव्यांचे डिमर आणि जनरेटर यांची सगळी घरघर ती गोळा करत जाते.

डीआय हे नेमकं थांबवतो. तो सिग्नल बॅलन्स्ड करतो, म्हणजे तोच सिग्नल कॅननच्या (माइकला लागतो तो तीन पिनी एक्सएलआर जोड) दोन पिनांवरून एकदा सरळ आणि एकदा उलटा पाठवतो. वाटेतला गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो. मिक्सर या दोहोंतला फरक घेतो, त्यात गोंगाट वजा होतो आणि वाद्य उरतं. शिवाय सिग्नल माइकच्या पातळीवर येतो आणि त्याचा इम्पीडन्स (विद्युत अडथळा) शे-दोनशे ओहमपर्यंत उतरतो, म्हणून तो लांबवर तसाच पोचतो. बफर इम्पीडन्सचं काम करतो, पण बॅलन्स्ड करत नाही. सगळा घोळ या एका फरकाचा आहे.

आता थोडं पिकअपबद्दल, कारण इथे पैसे वाया जातात. अकूस्टिक गिटार, मॅंडोलिन, व्हायोलिन यांना बहुधा पिएझो पिकअप (वाद्याची कंपनं पकडून सिग्नल बनवणारा) लावलेला असतो. त्याला समोर निदान १ मेगाओहम, म्हणजे हजार किलोओहम, इम्पीडन्स लागतो. रेडियलचा जेडीआय हा नावाजलेला पॅसिव्ह (विजेशिवाय चालणारा) डीआय आहे, त्याचा इनपुट १४० किलोओहम. वाद्यात बॅटरीवर चालणारा प्रीअँप (सिग्नल आधीच दमदार करणारा भाग) असेल तर तो उत्तम वाजतो. पण प्रीअँप नसलेला पिएझो थेट त्यात लावलात की खर्ज पातळ होतो, वरचे सूर टोचायला लागतात आणि लोक पिकअपला दोष देतात. अशा वाद्याला अ‍ॅक्टिव्ह डीआय घ्यावा. तो मिक्सरच्या ४८ व्होल्ट फँटमवर (मिक्सर माइकच्या केबलमधूनच देतो ती वीज) किंवा बॅटरीवर चालतो. इथेही इनपुटचा आकडा बघूनच घ्या, सगळ्यांचा सारखा नसतो.

एकत्र डबीचं सुख मोठं आहे. पीटरसनचा स्ट्रोबोस्टॉम्प २, फिशमनचा प्लॅटिनम प्रो ईक्यू, एल. आर. बॅग्जचा व्हेन्यू डीआय या सगळ्यांत ट्यूनरही आहे आणि कॅनन आउटही. एक डबी, एक अ‍ॅडॅप्टर, मधली एक केबल कमी. केबल कमी म्हणजे दगा देणारी एक जागा कमी. गाडीतून उतरून दहा मिनिटांत वाजवायला बसणाऱ्या माणसाला मी हीच सुचवतो.

मात्र घेण्याआधी एक प्रश्न विचाराच: म्यूट कुठे बसतो, डीआयच्या आधी की नंतर? पाय दाबल्यावर कॅनन आउटही गप्प होतो, की नुसता पी-३८?

हे मी अनुभवातून शिकलो. बॉसच्या टीयू-३ ला दोन जॅक असतात, आउटपुट आणि बायपास. ट्यूनर चालू केला की आउटपुट बंद होतो, बायपास चालूच राहतो. रचना मुद्दाम तशी आहे आणि तिचा उपयोगही आहे. एका भावगीतांच्या कार्यक्रमात घाईत माझा डीआय बायपासवर जोडला गेला आणि मी तपासलं नाही. निवेदिका कवितेच्या ओळी म्हणत होत्या. मी पेडल दाबलं, दिवा लागला, निर्धास्तपणे जाड तार वर चढवायला लागलो. गायकानं वळून माझ्याकडे बघितलं तेव्हा कळलं, सगळं सभागृह ती तार ऐकत होतं. त्या ओळींवर माझी तार वाजली, ते अजून सलतं.

एकत्र डबीची दुसरी बाजू विजेची. ट्यूनरचे दिवे करंट खातात आणि फँटममधून फार थोडा मिळतो, म्हणून बहुतेक डब्यांना ९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर किंवा बॅटरी लागतेच. वीज गेली तर ट्रू बायपास (सिग्नल सरळ आरपार सोडणाऱ्या) डबीचा पी-३८ वाजत राहील, पण अ‍ॅक्टिव्ह डीआयचा कॅनन गप्प होईल. म्हणून मोठ्या कार्यक्रमाला मी साधा पॅसिव्ह डीआय पिशवीत ठेवतोच.

आणि गुणगुण आली तर? ५० हर्ट्झचा तो "हूं" बहुधा ग्राउंड लूपचा असतो, म्हणजे अर्थिंग दोन वाटांनी जोडलं गेल्याचा. डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबा. कॅननच्या पहिल्या पिनेचा जोड तुटतो, बहुतेक वेळा आवाज जातो. ट्यूनरच्या आउटवर हे बटण नसतं. मग मांडवात कुणीतरी अँपच्या तीन पिनी प्लगची जाड पिन काढून टाकतो. कृपा करून हे करू देऊ नका. ती पिन जिवासाठी आहे. अर्थिंग नसलेला अँप, हातात गिटारच्या तारा आणि ओठांजवळ धातूचा माइक, यातून माणूस जाऊ शकतो.

सूर लावताना ४४० वर (ट्यूनर पाश्चात्त्य "ए" सुराला धरतो ते ४४० हर्ट्झ) डोळे मिटून विश्वास ठेवू नका. साथीला जुनी पेटी असेल तर तिची काळी दोन जिथे असेल तिथेच गिटार यायला हवी. टीयू-३ मध्ये ४३६ ते ४४५ हर्ट्झपर्यंत पट्टी सरकवता येते. पेटीवाल्यांना "ए", म्हणजे पांढरी सहा, धरून ठेवायला सांगा, समोर माइक लावा आणि ट्यूनरचा दिवा मधे येईपर्यंत आकडा बदला.

मग शेवटचं एक काम. मिक्सरवाल्यांना म्हणा, "दादा, माझ्या चॅनलकडे बघा." पेडल दाबा आणि सगळ्या तारा एकदम छेडा. चॅनलचा दिवा हलला नाही, तरच प्रेक्षकांना आत घ्या.