डेल्टा: कापसावरच्या फवारणीपासून जगभरातल्या फेऱ्यांपर्यंत

डेल्टा ही अमेरिकी विमान कंपनी म्हटलं की आज तिचं मुख्यालय असलेलं अटलांटा आठवतं, पण ही कंपनी निघाली कापसाच्या शेतातून. 1920 च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेत बोंडं पोखरणाऱ्या एका भुंग्याने शेतकऱ्यांचं पार कंबरडं मोडलं होतं (आपल्या विदर्भातली गुलाबी बोंडअळी वेगळी, हा सोंडवाला किडा), त्यावर विमानातून औषधाची पावडर धुरळायची कंपनी 1925 मध्ये जॉर्जियात सुरू झाली आणि मग लुईझियानातल्या मनरोला गेली. सी. ई. वुलमन हा मूळचा शेतकी सल्लागार, त्याने काही लोक जमवून 1928 मध्ये तो धंदा विकत घेतला आणि पुढच्याच जूनमध्ये डॅलस ते जॅक्सन प्रवासी विमान सुरू केलं, पाच सीटचं! पण विमानाने सरकारी टपाल नेण्याचं कंत्राट काही मिळालं नाही, म्हणून वर्षभरात परत फवारणी. 1934 ला टपाल मिळालं तेव्हा कुठे जम बसला. फवारणी मात्र 1966 पर्यंत चालूच होती.

पुढे डेल्टा वाढली ती दुसऱ्या विमान कंपन्या विकत घेत. त्याची गरज का पडली? तर तेव्हा कोणी कुठून कुठे उडायचं हे सरकारी बोर्ड ठरवायचं, नवीन मार्गासाठी अर्ज करून वर्षानुवर्षं ताटकळत बसण्यापेक्षा ज्याच्याकडे मार्ग आहेत त्यालाच पोटात घेतलेलं बरं. 1953 मध्ये शिकागो अँड सदर्न घेतली, तिच्यासोबत कॅरिबियन आणि व्हेनेझुएला आले. 1972 ला नॉर्थईस्ट, म्हणजे बोस्टनकडचे मार्ग. 1978 ला ते निर्बंध उठले तरी सवय सुटली नाही, 1987 मध्ये वेस्टर्न घेऊन पश्चिमेकडचा सॉल्ट लेक सिटीचा तळ मिळवला.

पण खरी उडी 1991 ची. पॅन अ‍ॅम ही तेव्हाची बडी अमेरिकी विमान कंपनी बुडत होती, तिचे युरोपचे बहुतेक मार्ग आणि फ्रँकफर्टचा तळ डेल्टाने उचलला, आणि त्याच डिसेंबरमध्ये डेल्टाने तिला पुढचे पैसे द्यायला नकार दिल्यावर पॅन अ‍ॅम कायमची बंद. माझ्या मते डेल्टा जागतिक झाली ती इथेच.

2005 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज (म्हणजे बंद नाही, धंदा चालू ठेवून कर्ज निस्तरायचं), तोही नॉर्थवेस्ट या दुसऱ्या अमेरिकी विमान कंपनीने ज्या दिवशी केला त्याच दिवशी! त्यातच 2006 ला न्यूयॉर्क-मुंबई थेट विमान सुरू केलं, हिंमतच म्हणायची. यूएस एअरवेज ही प्रतिस्पर्धी कंपनी डेल्टालाच गिळायला आली होती, तिला परतवलं आणि 2008 मध्ये स्वतःच नॉर्थवेस्ट घेतली, त्यातून टोकियोचा तळ आला. घोडं अडलं होतं वैमानिकांच्या ज्येष्ठता यादीवर, कारण कोणतं विमान, कोणता मार्ग, सुट्टी कधी हे सगळं त्या यादीतल्या नंबरवर ठरतं, आणि दोन कंपन्यांच्या याद्या एकत्र करायच्या म्हणजे कोणीतरी खाली जाणारच. शेवटी लवादाने यादी लावून दिली.

देशाबाहेर मात्र हा खेळ चालत नाही, परदेशी मालकीवर कायद्याची मर्यादा असते, म्हणून 2013 मध्ये ब्रिटनच्या व्हर्जिन अटलांटिकचा 49 टक्केच हिस्सा घेतला.