चर्नी रोडमधली ‘चर्नी’ कुठली?

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतील काही रेल्वे स्थानकांची इंग्रजकालीन नावे बदलण्याला मंजुरी दिली. सँडहर्स्ट रोडला डोंगरी, चर्नी रोडला गिरगाव. सँडहर्स्ट हे मुंबईचे गव्हर्नर होते, तेव्हा त्यांचे नाव जाणे समजण्यासारखे आहे. पण चर्नी हा कोणी साहेब नव्हे. शब्द इथलाच आहे. तो आला कुठून, यावर दोन मते आहेत.

पहिले मत गुरांचे. शहरातली गुरे तेव्हा किल्ल्याबाहेरच्या कॅम्प मैदानावर (आजचे आझाद मैदान) चरत. १८३८ मध्ये सरकारने त्यावर चराईपट्टी बसवली, असे सांगतात. गरीब गवळ्यांना ती परवडेना, जनावरे उपाशी राहू लागली. तेव्हा दानशूर पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभाई यांनी पदरचे २० हजार रुपये घालून ठाकूरद्वारजवळ समुद्राकाठची गवताळ जमीन घेतली आणि तिथे गुरांना फुकट चरू दिले. गुरे चरायची जागा म्हणून ‘चरणी’, आणि तिकडे जाणारा तो चर्नी रोड. मरीन ड्राइव्हचा भराव व्हायच्या आधी समुद्र रुळांच्या बराच जवळ होता, हे लक्षात घेतले की ती जागा डोळ्यांपुढे येते.

दुसरे मत ठाण्याकडे नेते. ठाणे स्थानकालगतच्या चेंदणीतून बरीच माणसे गिरगावात येऊन राहिली, त्यांच्या वस्तीलाही चेंदणीच म्हणू लागले आणि बोलता बोलता तिचे चर्नी झाले. ठाण्यातला चेंदणी कोळीवाडा आजही त्याच नावाने ओळखला जातो.

मला स्वतःला गुरांची बाजू जड वाटते. चेंदणीतला अनुस्वार आणि ‘द’ जाऊन तिथे ‘र’ यावा, ही उडी मोठी आहे. ‘चरणी’चे ‘चर्नी’ व्हायला मात्र इंग्रजी पाटीवरचे स्पेलिंग पुरेसे आहे. शिवाय जवळच्याच गवालिया टँकचे नावही गुरांना पाणी पाजणाऱ्या गवळ्यांवरून पडले, असे मानतात. तरीही एक गोष्ट खटकते. गुरे चरण्याच्या जागेला मराठी माणूस कुरण म्हणतो, गायरान म्हणतो. ‘चरणी’ सहसा म्हणत नाही. आणि जमशेटजींनी जमीन घेतली म्हणून नाव पडले, की लोक त्या भागाला आधीपासूनच तसे म्हणत होते, हा प्रश्न त्या गोष्टीने सुटत नाही.